गायरानाखालचा मुलूख

जिंतूरहून येलदरीच्या वाटेला लागले की, काळ्याभोर आणि सपाट शिवाराची सवय जडलेल्या परभणीकराला किंचित परका वाटावा असा उंचसखल, मुरमाड मुलूख सुरू होतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे जे फाटे जिल्ह्याच्या उत्तर भागात येऊन विसावले आहेत, त्यांच्या अंगावर बऱ्याच ठिकाणी वीतभरसुद्धा माती नाही; नांगराला तेथे कोणी फारसा मान दिला नाही, आणि म्हणूनच महसुली दफ्तरात गावच्या गुराढोरांच्या नावे लागलेली गायराने त्या बाजूस अजून थोडीफार शाबूत आहेत. मृगाचा पाऊस पडून जमिनीला ओल आल्यावर अशा एखाद्या गायरानावर भल्या पहाटे जावे, दोनचार दिवसांपूर्वी पडलेल्या शेणाच्या पोजवळ लाज सोडून गुडघे टेकून बसावे आणि सूर्य उगवायच्या सुमारास त्यावर बारकाईने नजर लावावी. शेणावर दवाचे थेंब जमले आहेत असे प्रथम वाटते. पण नीट पाहिले असता प्रत्येक थेंबाला काचेसारखा पारदर्शक, बोटाच्या पेरापेक्षाही आखूड देठ आणि डोक्यावर मोहरीहून लहान अशी काळी टोपी असल्याचे दिसून येते. ती एक बुरशी आहे. तिचे देठ उजेडाच्या दिशेने कलतात, देठाच्या फुग्यात पाण्याचा दाब वाढत जातो, आणि ऊन चढू लागता लागता तो फुगा फुटून काळी टोपी बंदुकीच्या गोळीसारखी उडते ती थेट दोन-दोन मीटर दूर जाऊन गवताच्या पात्याला चिकटते.

या बुरशीचे शास्त्रीय नाव पायलोबोलस. ‘टोपी फेकणारा’ असा त्याचा अर्थ आहे, आणि नाव ठेवणाऱ्याने थट्टा केली असली तरी अतिशयोक्ती केलेली नाही. एवढा खटाटोप कशासाठी, तर गाय आपल्या शेणालगतचे गवत खात नाही, हे या बुरशीने कोट्यवधी वर्षांच्या अनुभवाने जणू ओळखले आहे. टोपीतील बीजाणूंना जनावराच्या पोटातून प्रवास घडल्याशिवाय रुजता येत नाही, तेव्हा जे गवत खाल्ले जाईल तेथपर्यंत पोहोचणे हाच त्यांच्या वंशसातत्याचा प्रश्न असतो. गवत पोटात गेले, बीजाणू चारही कोठ्यांतून सुखरूप बाहेर पडले, नव्या शेणावर नवे देठ उगवले. लहानपणी गुरांमागे हिंडताना हा तमाशा आम्ही कितीदा तुडवला असेल याची गणती नाही. त्याकडे पाहण्याची दृष्टी फार उशिरा आली.

आणि गवताच्या काडीचे रक्तमांस होते तरी कसे, याचे उत्तरही पुन्हा बुरशीपाशीच येते. गाय गवत पचवते असे आपण म्हणतो, परंतु काडीतला चिवट तंतुमय भाग फोडण्याचे सामर्थ्य गायीच्या स्वतःच्या पाचकरसांत नाही. ते काम तिच्या पहिल्या कोठीतील सूक्ष्म जीवांचे आहे. त्या गर्दीत बुरशीही आहेत, आणि त्या प्राणवायूवाचून जगतात, हे १९७५ साली कॉलिन ऑर्पिन या इंग्रज संशोधकाने मेंढीच्या पोटातील जीवांचा अभ्यास करताना दाखवून दिले. तोवर त्यांच्या पोहत्या बीजाणूंना शास्त्रज्ञ शेपटीवाले एकपेशीय प्राणी समजत होते, कारण प्राणवायूवाचून जगणारी बुरशी असूच शकत नाही असा शास्त्रात दृढ समज होता. मेंढीने तो मोडून काढला. चरणारे जनावर आणि बुरशी यांचा संबंध हा असा आत-बाहेर, शेणात आणि पोटात, आधीपासूनच जुळलेला आहे. या लेखाचा विषय मात्र त्याहून एक थर खाली, मुळांपाशी आहे.

त्या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते परभणीपासून हजारो कोसांवरच्या एका प्रदेशाने. उत्तर ध्रुवाच्या भोवती, जेथे वृक्षांची सीमा संपते आणि हिमाचे साम्राज्य अजून सुरू झालेले नसते, अशा पट्ट्यास टुंड्रा म्हणतात. शेवाळ, दगडफूल, गुडघाभर झुडपे आणि थोडे गवत एवढीच तेथील वनश्री. खालची जमीन वर्षानुवर्षे गोठलेली, उन्हाळ्यात फक्त वरचा हात-दीड हात थर वितळतो. वनस्पती मेल्या तरी थंडीमुळे पुरत्या कुजत नाहीत, आणि असे न कुजलेले द्रव्य सहस्रावधी वर्षे साचत गेल्यामुळे उत्तरेकडील गोठित भूमीत सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन पडून आहे. आज अवघ्या वातावरणात जेवढा कार्बन आहे त्याच्या तो जवळजवळ दुप्पट भरतो. ही ठेव मोडू न देणे कोणाच्या हातात आहे, असे विचारले तर थंडीच्या खालोखाल बुरशीचे नाव घ्यावे लागते.

तेथील बुटक्या हीथवर्गीय झुडपांच्या मुळांशी राहणारी बुरशी सावकाश चालणारी आहे. तिच्या राज्यात सेंद्रिय द्रव्य साठत राहते. आता आर्क्टिक प्रदेश पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत असल्यामुळे भूर्ज आणि वाळुंज यांची उंच झुडपे उत्तरेकडे सरकू लागली आहेत, आणि ती आपल्याबरोबर मुळांवरची वेगळी बुरशी घेऊन येतात. या बुरशीपैकी काहींना जुन्या, मुरलेल्या द्रव्यातून नत्र खणून काढण्याची कला अवगत असते, आणि त्या खणण्यात साठलेला कार्बन मोकळा होतो. स्वीडनच्या उत्तरेकडील आबिस्को परिसरात शास्त्रज्ञांनी मोजणी केली तेव्हा, झाडाझुडपांची हिरवळ अधिक असूनही भूर्जवनाखालच्या मातीत उघड्या हीथच्या मातीपेक्षा कार्बन कमी आढळला. वर हिरवे दिसले म्हणजे खाली समृद्धी असते, हा आपला भाबडा समज तेथे पार उलटा पडतो.

या व्यवहारात रेनडिअरचा प्रवेश होतो तो दात आणि खूर घेऊन. तो भूर्ज-वाळुंजांचे कोवळे शेंडे खातो, म्हणून झुडपे माजत नाहीत, आणि त्यांच्यामागून येणारी बुरशीही काहीशी रोखली जाते. पण त्याचे खूर दगडफुलाचा थर तुडवतात आणि त्याचे मलमूत्र जमिनीला खत देऊन गवताला वाव करून देते, त्यामुळे हीथच्या जुन्या बुरशीलाही ठिकाण सोडावे लागते. नॉर्वे आणि फिनलंड यांच्या सीमेवर रेनडिअरांसाठी घातलेले एक लांबलचक कुंपण आहे. त्याच्या एका अंगास दगडफुलाने पांढुरकी आणि दुसऱ्या अंगास चरून काळपट झालेली भूमी उपग्रहाच्या छायाचित्रांतही वेगळी ओळखू येते. तोच प्राणी, तेच हवामान. भेद फक्त कोणत्या ऋतूत आणि किती काळ चरू दिले याचा. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली येथे आहे, आणि ती परभणीच्या कुलपालाही लागते.

येथे बर्फ नाही, हे सांगण्याची गरज नाही. थंडीच्या एखाद्या लाटेत परभणीचा पारा पाच अंशांखाली उतरून वर्तमानपत्रांत नाव गाजवतो खरा, पण वैशाखात तोच चव्वेचाळीसपर्यंत चढतो आणि उघड्या जमिनीचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्या पलीकडे तापतो. मात्र तापणारे हवामान, चरणारे तोंड, मूळ आणि मुळाशी राहणारी बुरशी हे चारही पक्षकार येथे हजर आहेत. फक्त बुरशीची जात निराळी.

१८८५ साली आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने मूळ आणि बुरशी यांच्या जोडसंसाराला ‘मायकोरायझा’ असे नाव दिले. प्रशियाच्या सरकारने त्याला ट्रफल नावाच्या महागड्या भूकंदासमान अळंबीची लागवड करता येईल काय याचा तपास करण्यास सांगितले होते. अळंबी पिकली नाही, पण वनस्पती आपल्या मुळांनी एकट्याने अन्न घेत नाहीत, हा मोठा सिद्धांत सरकारच्या पदरात पडला. सरकारी चौकशीतून अपेक्षेपेक्षा अधिक काही निघाल्याची उदाहरणे इतिहासात थोडी आहेत, त्यांत हे एक गणावे. गवते, ज्वारी, तूर, कापूस, सोयाबीन यांच्या मुळांत शिरणारी जी बुरशी आहे ती या घराण्यातली सर्वांत जुनी शाखा; स्कॉटलंडमधील राइनी येथे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत, ज्या काळी वनस्पतींना खरी मुळेसुद्धा फुटली नव्हती, तिचे अवशेष सापडले आहेत.

तिचा व्यवहार समजायला आपली काळी माती फार सोयीची आहे. दख्खनच्या पठारावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्ह्याचा खडक झिजून ही माती झाली. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, अंगी चुनखडी बाळगते आणि स्फुरद व जस्त यांच्या बाबतीत कमालीची कृपण आहे. म्हणजे ही द्रव्ये तिच्यापाशी नसतात असे नव्हे. चुन्याशी जखडून ती अशी बसतात की मुळाच्या टोकाजवळचा एक-दोन मिलिमीटरचा घेर रिकामा झाला की त्यापलीकडचे स्फुरद आपणहून पुढे सरकत नाही. केसाहून कितीतरी बारीक असलेले बुरशीचे तंतू तेथून कित्येक सेंटिमीटर पुढे जातात, ज्या फटीत मूळ शिरू शकत नाही तेथे शिरतात, आणि स्फुरद-जस्ताची वसुली करून मुळापर्यंत पोहोचवतात. मोबदल्यात वनस्पतीने हवेतून घडवलेल्या साखरेचा आणि स्निग्ध द्रव्याचा वाटा बुरशीला मिळतो. तो काही वेळा एकूण उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत जातो. पाटील-कुलकर्ण्यांनी इतका हक्क मागितला असता तर रयतेने बंड केले असते. पण येथे रयतेचा फायदा आहे, म्हणून चाळीस कोटी वर्षे हा करार टिकला.

शिवाय हे तंतू मातीच्या कणांना एकमेकांत गुंफून त्यांची रवाळ ढेकळे बनवतात. पाणी मुरणे, हवा खेळणे, धूप न होणे ही सारी त्या रवाळपणाची फळे. जगभरच्या वनस्पती दरवर्षी अशा मूळनिवासी बुरशींना जेवढा कार्बन देऊ करतात त्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो तेरा अब्ज टन कर्बवायूच्या बरोबरीचा म्हणजे खनिज इंधनांच्या वार्षिक धुराच्या एक-तृतीयांशाहून अधिक भरतो. मात्र दिलेला कार्बन आणि जमिनीत कायम राहिलेला कार्बन एकच नव्हे. त्यातला बराचसा श्वासोच्छ्वासाने परत हवेत जातो; तेव्हा या आकड्यावरून बुरशी आपली सारी पापे धुऊन टाकील असा हिशेब कोणी मांडू नये.

आता गायरानावर परत येऊ. पवन्या, मारवेल, कुसळी, डोंगरी ही माळरानाची गवते उष्ण प्रदेशातील, कडक उन्हात साखर बनवण्यात वाकबगार, आणि स्फुरदासाठी बुरशीवर विसंबणारी. गाय किंवा मेंढी अशा गवताचा शेंडा तोडते त्या क्षणी काय होते? पान गेले, म्हणून साखर घटली. गवत पहिल्यांदा नवे पान फोडण्याच्या मागे लागते आणि मुळांना, म्हणून बुरशीला, पाठवला जाणारा शिधा काही दिवस आखडतो. जनावर पुढे निघून गेले तर दोनतीन आठवड्यांत पाने परततात, शेण-मूत्राचे खत मिळालेले असते, जुनी वाळकी काडी दूर होऊन उजेड खाली पोहोचलेला असतो, आणि बुरशीची थकबाकी फिटते. जनावर गेलेच नाही, त्याच गवताला पुन्हा पुन्हा तोंड लागत राहिले, तर मुळे आखूड होत जातात, तंतू विरळ होतात, ओल्या जमिनीवर खूर पडून मातीची छिद्रे मिटतात, आणि जी बारमाही गवते बुरशीला वर्षभर आश्रय देत ती जाऊन तरवडाची झुडपे आणि चार महिन्यांचे तण उरते. बाहेरून पाहणारा म्हणतो, गुरांनी माळ खाल्ला. खरे म्हणजे तो गुरांच्या मुक्कामाने खाल्ला. चालत्या गुरांनी नव्हे.

चालण्याचे हे शास्त्र ज्यांनी पुस्तकावाचून जपले ते धनगर. पावसाळ्यात काळ्या रानात मेंढरू रुतते, त्याच्या पायाला रोग लागतो, म्हणून वाडा मुरमाड बरडावर राहतो. म्हणजे जी जमीन ओल्या खुरांनी बिघडते तिला नेमक्या त्याच दिवसांत विश्रांती मिळते. रब्बी निघाली, रान मोकळे झाले, की कळप गोदावरी-दुधनेच्या काठच्या काळ्या शिवारात उतरतात. शेतकरी धान्य किंवा रोकड देऊन आपल्या शेतात मेंढरे बसवतो. वाघूर लावून एका तुकड्यात एकदोन रात्री मेंढरे ठेवायची, मग वाघूर पुढच्या तुकड्यात. त्या सुमारास काळ्या जमिनीला हात जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. लेंड्या त्या भेगांत पडतात, खुरांनी सुटलेला भुगा वरून पडतो, आणि पुढच्या पावसाला जमीन फुगून भेगा मिटल्या की नांगराशिवाय खत खोल गाडले जाते. दख्खनी मेंढी, उस्मानाबादी शेळी आणि कंधारच्या आसमंतातून इकडे पसरलेली लाल कंधारी गाय या जनावरांनी माळावरचे सत्त्व शेतात आणून टाकण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या वेठीशिवाय केले. माझ्या समजुतीप्रमाणे मराठवाड्याच्या शेतीचा जमाखर्च या एका बाबीवाचून मांडताच येणार नाही, आणि तो नेमका तसाच मांडला गेला आहे.

कारण दफ्तरात गायरान हे पडीक या जातीचे. निजामाच्या अमदानीत सारा फसली सनाने बसे, आणि ज्या जमिनीवर सारा बसत नाही तिच्याकडे पाहण्यास कोणाला सवड नसे. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६६ च्या जमीन महसूल संहितेने गुरचरणासाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली, तरी नजर बदलली नाही. या जमिनींवर हक्क सांगणारे पहिले होते ते भूमिहीन. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९६४ च्या सत्याग्रहाची मागणीच पडीक जमीन कसणाऱ्याला द्या अशी होती, आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ च्या नोव्हेंबरात निघाला. ज्याच्या सात पिढ्यांच्या नावे वीतभर जमीन नव्हती त्याने दोन एकर गायरान कसले, तर त्याला बुरशीच्या नावाने जाब विचारण्याची माझी छाती नाही. पण त्याच गायरानाच्या छातीवर पुढे खडी फोडली गेली, कचऱ्याचे ढीग पडले, कार्यालये उभी राहिली, आता सौरपत्र्यांच्या रांगा मांडल्या जात आहेत. त्यांच्याकडे दोन एकरांची निकड नव्हती. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी बळकावण्याविरुद्ध कडक निवाडा दिला. मातीच्या बाजूने कोणी कैफियत दाखल केली असती तर ती कदाचित त्याहून कडक झाली असती.

दुसरीकडे गोठ्यातूनही जनावर कमी होत चालले. ट्रॅक्टर आला, बैल गेला. बैलामागून त्याची आई गेली. २०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील देशी गोवंश सहा टक्क्यांनी घटला. जी गुरे उरली त्यांपैकी पुष्कळशी दावणीला बांधून वैरण खातात, आणि त्यांचे शेण उकिरड्यावर जाते किंवा गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत. माळावर वाळलेल्या रानशेण्यासुद्धा उन्हाळ्यात टोपल्या भरभरून घरी येतात. ज्या बाईला सिलिंडरचा भाव परवडत नाही तिने शेणी मातीसाठी सोडून द्यावी असा उपदेश करणे हा पोटभरल्याचा उद्योग होय. एवढे मात्र खरे की स्वयंपाकाच्या गॅसची किंमत ही मृद्‌शास्त्राची बाब आहे, आणि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तिला एक पान मिळायला हरकत नाही.

यावर आता हवामानाचा घाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्याच वेळी मोसमी पावसाची एकूण बेरीज कमी होत गेली. परभणीकराला हे कोणी समजावून सांगावे असे नाही. २०१५-१६ च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि २०२४ च्या सप्टेंबरच्या आरंभी परभणी-हिंगोली-नांदेडची पिके पाण्याखाली उभी होती. बुरशीच्या दृष्टीने दोन्ही वाईट, परंतु सारखी वाईट नव्हेत. कोरड्यात ती बीजाणू होऊन निजते आणि मुळाचा एखादा जिवंत तुकडा जरी शिल्लक असला तरी पुन्हा उठते. तुंबलेल्या पाण्यात तिचा प्राणवायूच तुटतो. आणि यजमान वनस्पतीच फार काळ नाहीशी झाली तर काय होते, याचा दाखला ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनींनी दिला आहे. वर्षाहून अधिक काळ रिकामी ठेवलेल्या तेथील शेतांत ओल भरपूर असूनही पुढचे पीक खुरटे येई, पिवळे पडे. १९८७ साली जॉन थॉम्पसन यांनी कारण शोधले ते मुळांवरच्या बुरशीचा दुष्काळ हे. स्फुरद आणि जस्त दोन्ही जमिनीत होते. आणून देणारा नव्हता.

हितकर बुरशी दुर्बळ झाली म्हणजे जमीन बुरशीवाचून राहते असे मात्र नाही. गादी रिकामी दिसली की दुसरे दावेदार येतात. रब्बी ज्वारी दाणे भरण्याच्या वेळी जमीन सुकली आणि तापली की मॅक्रोफोमिना नावाची बुरशी ताटाच्या बुडात शिरून आतला गर खाते, आणि वरून धडधाकट दिसणारे ताट वाऱ्याच्या झुळकीने आडवे होते. शेतकरी याला खडखड्या म्हणतात. रोगाच्या इंग्रजी नावात कोळशाचा उल्लेख आहे, पण पोकळ ताटांचा तो आवाज आपल्या नावातच ऐकू येतो. उष्णता वाढेल तशी या बुरशीची चैन. तुरीवरचा मर रोग फ्युजेरियमचा. बदनापूरच्या संशोधन केंद्राने बीएसएमआर ७३६ आणि बीडीएन ७११ सारखे मर झेलणारे वाण दिले, त्यांच्या जोरावर मराठवाड्याची तूर उभी आहे. १९७२ च्या मे महिन्यात, म्हणजे त्या महादुष्काळाच्या वर्षीच, परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज त्याच्या वनस्पती रोगशास्त्र विभागातून ट्रायकोडर्मा आणि अन्य उपकारक जीव एकत्र करून बनवलेले ‘बायोमिक्स’ घेण्यासाठी हळद उत्पादक लांबलांबून येतात. बुरशीनाशकाच्या डब्यासाठी जेवढी घाई तेवढीच बुरशीच्या पुड्यासाठी, हा बदल लहान नव्हे.

तरीसुद्धा पुड्यातली बुरशी ही पाहुणी. ती रुजली तरी तिला राहायला ढेकूळ, खायला सेंद्रिय द्रव्य आणि धरायला जिवंत मूळ लागते; आणि दरवर्षी तीनचार पाळ्यांत तंतूंचे तुकडे करणाऱ्या शेतात ती किती दिवस तग धरील? स्थानिक बुरशीचे न उलथलेले घर जिल्ह्यात उरले आहे ते गायरानांत, बांधांवर, देवळांच्या राखीव माळांवर आणि नदीकाठच्या पड्यांत. बियाण्यासाठी कणगीतले धान्य राखून ठेवावे तसे हे राखीव आहे. दुष्काळानंतर वा पुरानंतर आजूबाजूच्या शेतांत बुरशी परत येते ती वाऱ्याने, पाण्याने, मुंग्या-वाळवीच्या पायांनी आणि जनावरांच्या खुरांना चिकटलेल्या मातीने. यांतला शेवटचा मार्ग आपण दावणीला बांधून ठेवला आहे.

टुंड्रातील शास्त्रज्ञ रेनडिअर असू द्यावेत की नसावेत असा वाद घालत बसत नाहीत. कोणत्या महिन्यात, किती संख्येने, किती दिवस, याची मोजणी ते करतात. आपल्याकडे ही मोजणी पूर्वी रिवाजाने होत असे. गवत फुलून बी झडेपर्यंत कुरण राखायचे, दसरा-दिवाळी उलटल्यावर कापायचे, मग चरायला सोडायचे, एवढा साधा तो रिवाज होता. सबंध गायरान बंद करणे आज शक्य नाही, कारण ज्यांच्या चार शेळ्या त्यावरच जगतात त्यांची उपासमार होईल. परंतु गायरानाचे तीन भाग करून दरसाल एक भाग मृगापासून दिवाळीपर्यंत पाळीपाळीने राखता येईल. त्याला कुंपण लागत नाही, निधी लागत नाही. गावाचा एक ठराव आणि राखणदाराला पोटापुरते धान्य एवढे पुरे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांच्या आणि पशुपालकांच्या नावे जाहीर केले आहे, त्यामुळे असा ठराव मांडणाऱ्याला तालुक्याच्या कचेरीत कोणी वेड्यात काढण्याचेही भय नाही. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. हा ठराव १ मे रोजीच घ्यावा. १५ ऑगस्टपर्यंत गवत खाऊन झालेले असते.